वैरागडे काकांचं नवं हाड

गाडी पुलाखालून जाताना शशिकांत वैरागडे मान वर करून बघायचे. स्वतः चालवत असले तरी बघायचे. शेजारी बसलेली शोभना दर वेळी "अहो, समोर," म्हणायची आणि ते दर वेळी "बघतोय की," म्हणायचे. चौतीस वर्षं त्यांनी मिनेसोटातले पूल तपासले होते. कधी क्रेनच्या पाळण्यात उभं राहून, कधी कमरेला दोर बांधून, कधी गुडघाभर पाण्यातून खांबापर्यंत जाऊन. कुठे काँक्रीटला भेग गेलीय, कुठे बोल्ट गंजलाय, हे पाहायचं आणि लिहून ठेवायचं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण ईडन प्रेरीहून मिनियापोलिसला जायचं म्हटलं की वाटेतल्या एकूण एक पुलाची तब्येत शोभनाला ऐकावी लागे.

नागपूरच्या महाल भागातला हा माणूस. चौऱ्याऐंशी साली शिकायला म्हणून इथे आला आणि इथलाच झाला. थंडी अंगवळणी पडली, बोली मात्र नागपुरीच राहिली. स्वभाव असा की रस्त्यात कुणी भेटलं आणि दोन शब्द बोलून सुटलं, असं कधी व्हायचं नाही. पार्सल टाकायला आलेल्या माणसाच्या पाठदुखीची चौकशी ते करत, आणि पुढच्या वेळी तो आला की "मग, तो व्यायाम सुरू केला का?" असं विचारत. दुसरी एक खोड म्हणजे दाखवण्याची. घरात नवीन काही आलं, अंगावर नवीन काही झालं, की ते चार जणांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावरची पट्टी काढून त्यांनी शेजारच्या बाईंना आतली लाली दाखवली होती. बाईंनी बिचाऱ्यांनी पाहिलीही होती.

त्यांचं वय त्र्याहत्तर. शोभना एकोणसत्तरची. मुलगी रेणू सनीव्हेलला, चिपच्या कंपनीत. घरात दोघंच.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला एक दिवस ऊन पडलं, बर्फ वितळला आणि संध्याकाळी पुन्हा गोठला. सकाळी त्यावर भुरभुर बर्फाचा पातळ थर बसला. शशिकांत पत्रपेटीकडे निघाले. शोभना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, म्हणून तिला सगळं दिसलं. ते घसरले, हात पुढे न येता तोंडावरच आपटले, आणि ड्राइव्हवेच्या कडेला टेकवलेल्या फावड्याचा दांडा ओठावर बसला. ती चपला न घालता मोज्यांवरच धावली. ते उठून बसले होते, तोंडावर हात होता. म्हणाले, "काही नाही, काही नाही." पण 'काही' मधल्या 'क' नंतर नुसतीच हवा आली.

वरचा पुढचा दात मुळाशी मोडला होता. नेहमीच्या डेंटिस्टने तो काढला, जखम भरू दिली आणि मग सांगितलं की तिथे ब्रिज बसवता येईल.

"ब्रिज," शशिकांत म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला होता, पण असा खुर्चीत आडवं पडून कुणी त्यांना समजावून सांगितला नव्हता. "म्हणजे कसा?"

डेंटिस्टने कागदावर काढून दाखवलं. शेजारचे दोन दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅप चढवायच्या आणि मधे खोटा दात टांगायचा.

"हे दोन दात खराब आहेत का?"

"नाही. उत्तम आहेत."

"उत्तम खांब तासून कमजोर करायचे आणि त्यांच्यावर पूल टाकायचा?" शशिकांतनी मान हलवली. "हे माझ्या हातून सही होणार नाही."

डेंटिस्ट हसला आणि त्याने त्यांना डॉक्टर केयाकडे पाठवलं.

डॉक्टर केया हिरड्यांची आणि इम्प्लांटची स्पेशालिस्ट. पस्तिशीची. जन्म इथलाच, आईवडील मूळचे सोलापूरचे. तिचं मराठी अडखळत चालायचं, पण मराठी पेशंट आला की ती ते हट्टाने बोलायची. शशिकांतचा स्कॅन तिने पडद्यावर मोठा केला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं.

"काका, इथे बाहेरची वॉल गेली आहे. फॉलमध्ये, म्हणजे पडलात तेव्हा, तुटली, आणि दात काढल्यावर अजून... कसं म्हणतात... झिजली. बोन जेमतेम तीन मिलिमीटर आहे. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. त्याला सगळीकडून बोन पाहिजे. इथे तो अर्धा बाहेर राहील."

"पाया नाही, तर खांब कशात रोवणार," शशिकांत शोभनाकडे वळून म्हणाले, जणू तिलाच ते कळलं नव्हतं.

"एक्झॅक्टली. म्हणून आधी ग्राफ्ट. इथे हाडाची भुकटी भरायची, वर पातळ पडदा घालायचा, टाके घालून बंद करायचं. मग पाच महिने थांबायचं. तुमच्या सेल्स त्या भुकटीत शिरतात, तिच्या आधाराने नवीन हाड बनवतात, आणि जुनं हळूहळू विरत जातं. शेवटी तिथे मोस्टली तुमचंच बोन असतं."

"सेंटरिंग," शशिकांत म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "स्लॅब पडेपर्यंत खाली फळ्या लावतात ना, तसं. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढायच्या. फक्त इथे फळ्या आपोआप जातात."

शोभनाला मात्र वेगळंच काही खटकलं होतं. "पण ती भुकटी कुणाच्या हाडाची?"

केया हा प्रश्न येणार हे धरूनच बसली असावी. तिने खुर्ची शोभनाकडे वळवली. "काकू, चार ऑप्शन आहेत. एक, काकांचंच, जबड्याच्या मागून काढून. पण म्हणजे दुसरी जखम, आणि काका रक्त पातळ करायची गोळी घेतात, सो मला ते आवडत नाही. दुसरं बोवाईन. म्हणजे, गायीचं."

"नको," शोभना म्हणाली.

"ओके. तिसरं ह्यूमन डोनर. कुणी गेल्यावर त्यांची फॅमिली डोनेट करते. ते टेस्ट करतात, क्लीन करतात, एकदम स्टराईल असतं. आणि चौथं सिंथेटिक, कॅल्शियमपासून बनवलेलं. मला विचाराल तर डोनर. माझा अनुभव त्याचा चांगला आहे. पण सिंथेटिकनेही होतं."

घरी आल्यावर शोभनाने तांदूळ धुतले. कुकर लावताना म्हणाली, "मेलेल्या माणसाचं हाड तोंडात ठेवायचं. त्याच तोंडाने जेवायचं."

"साफ केलेलं असतं म्हणते ती."

"साफ केलं म्हणून अस्थी अस्थीच असतात ना? बाबांच्या अस्थी मी स्वतः रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यात सोडल्या. त्या पाण्यात सोडायच्या असतात. असं कुणाचं हाड ठेवून घ्यायचं नसतं. त्या माणसाचा जीव कुठे अडकत असेल, काय सांगावं."

शशिकांतचा या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण शोभनाच्या आवाजातला कंप त्यांना कळला. "बरं बाप्पा," ते म्हणाले. "कॅल्शियम तर कॅल्शियम."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्राफ्ट झाला. तास-सव्वा तास लागला. ओठ भजीसारखा सुजला. केयाने निघताना सूचना दिल्या: गार आणि मऊ खायचं, स्ट्रॉने प्यायचं नाही, जोरात शिंकरायचं नाही. "आणि काका, सगळ्यात इम्पॉर्टंट. ओठ वर करून बघायचं नाही. आरशात पण नाही. ओठ खेचला की टाक्यांवर ताण येतो. जखम उघडली तर सगळं गेलं."

"समजलं," शशिकांत म्हणाले.

आठवडाभर ते खरंच नीट राहिले. दहाव्या दिवशी इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. सूज उतरली होती आणि त्यांना घरात कोंडून ठेवणं शोभनाच्या आवाक्याबाहेरचं होतं. दोघं गेले. शोभना श्रीखंड वाढायला उभी राहिली आणि शशिकांत दाराजवळच्या टेबलाशी बसले. आल्यागेल्याशी बोलायला त्यांना ती जागा आवडायची.

पुढच्याच आठवड्यात त्यांना तोंडात वाळूसारखं काही लागायला लागलं. शोभनाने त्यांना लगेच नेलं. केयाने दिवा ओढून पाहिलं. टाके सुटले होते, पडदा उघडा पडला होता, आत पू झाला होता. तिने जागा भूल देऊन साफ केली आणि भरलेलं सगळं काढून टाकलं.

"आता दोन-तीन महिने काही करायचं नाही," ती म्हणाली. "हिरडी बरी होऊ दे. मग परत."

परतताना शोभनाच्या मनात एकच होतं. आपण हट्ट केला म्हणून हे झालं. डॉक्टरची पसंती दुसरी होती, आपण अडवलं. त्या दिवशी संध्याकाळी तिने ते बोलूनही दाखवलं. "माझ्यामुळे तुम्हाला दोनदा कापून घ्यावं लागणार."

शशिकांत टोमॅटोचं सार चमच्याने ढवळत होते. "तसं काही नाही," म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत. एवढं कमी बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण तिला वाटलं, दुखत असेल.

चार दिवसांनी मंडळाच्या परीक्षितने पाडव्याचे फोटो ग्रुपवर टाकले. दीडशे-एक फोटो होते. शोभना चष्मा लावून एकेक बघत होती. नाचणारी मुलं, गुढी, ताटं. आणि मग तो फोटो. दाराजवळचं टेबल, भोवती सहा-सात माणसं वाकून बघतायत, आणि मधे शशिकांत दोन्ही हातांनी वरचा ओठ पार नाकापर्यंत उचलून धरून बसलेत. पुढचा फोटो तसाच, फक्त माणसं वेगळी.

तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला.

शशिकांतनी फोटोकडे पाहिलं. "त्यांनी विचारलं," ते म्हणाले. "ग्राफ्ट म्हणजे काय, कसा असतो. परीक्षितच्या वडिलांना पण करायचाय."

"किती जणांनी विचारलं?"

"बरेच होते."

"आणि मी चार दिवस स्वतःला दोष देत बसलेय. तुम्ही समोर बसून ऐकत होता."

शोभना उठून गेली. ती ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. दोन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तुळशीची कुंडी डेकवर नेत होती तेव्हा ते मागे जाऊन उभे राहिले.

"शोभना, तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो. काँक्रीट टाकलं की अठ्ठावीस दिवस हात लावायचा नाही. घाई केली म्हणून दोन कॉन्ट्रॅक्टरांची कामं मी बंद पाडली आहेत. आणि माझ्याच तोंडात मला दहा दिवस धीर धरवला नाही." ते थांबले. "पण त्याहून वाईट हे केलं. तुला खरं सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून."

तिने कुंडी खाली ठेवली. "ते टोक धरा तिकडून," ती म्हणाली. दोघांनी मिळून कुंडी उन्हात सरकवली.

जुलैमध्ये पुन्हा केयाकडे गेले तेव्हा शोभनाच बोलली. "डॉक्टर, या वेळी तुम्हाला जे योग्य वाटतं तेच घाला. डोनरचं असलं तरी चालेल."

"काकू, फर्स्ट टाइम मटेरियलचा फॉल्ट नव्हता."

"माहीत आहे कुणाचा होता. फोटो पाहिलाय मी." केयाला हसू आवरेना. शशिकांत छताकडे बघत होते. "पण तुमचा हात ज्यावर बसलाय तेच वापरा. मी विचार केलाय. कुणी तरी मनाने दिलंय ना ते? ओढून घेतलेलं नाही."

"मनाने दिलेलं," केया म्हणाली. "फॅमिलीने सही केलेली असते. किंवा त्या माणसाने स्वतःच, आधी."

काम झाल्यावर केयाच्या मदतनिसाने बाटलीवरचं छोटं लेबल काढून फाइलमध्ये चिकटवलं. शोभनाला ते दिसलं. त्यावर एक लांबलचक नंबर होता.

"हे काय?"

"त्या डोनरचा नंबर. कुठलं हाड कुणाला गेलं ते टिश्यू बँकेला माहीत असावं लागतं."

"माणूस कोण होता ते कळतं?"

"नाही. नाव आम्हालाही माहीत नसतं."

शोभनाने तो नंबर तिच्या पर्समधल्या वहीत उतरवून घेतला. कशाला, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि मग शशिकांत वैरागडे सुधारले. बोलणं बंद झालं नाही, ते होणार नव्हतंच. पण कुणी दाताचं विचारलं की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत, शाळेत पुढच्या रांगेतली मुलं उभी राहतात तसे, आणि सगळं तोंडीच समजावून सांगत. ऑगस्टच्या मंडळाच्या सहलीला ते स्वतःहून गेले नाहीत. "तिथे दहा लोक विचारतील, माझा मला भरवसा नाही," म्हणाले. मक्याच्या दिवसांत सगळं गाव कणसं दातांनी ओरबाडत होतं, तेव्हा ते टेबलाशी सुरी घेऊन दाणे काढत बसत. रेणूचा व्हिडिओ कॉल आला की ती पहिलं विचारायची, "बाबा, हँड्स? शो मी युवर हँड्स." ते दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरत. "गुड बॉय," ती म्हणे.

शोभना रोज सकाळी चहा घेताना त्यांच्या ओठाकडे बघे. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पण आत काही तरी चाललंय, कुणा अनोळखी माणसाच्या कणांमधून ह्यांचं रक्त वाट काढतंय, हे मनात आलं की तिला त्या माणसाबद्दल विचार केल्याशिवाय राहवत नसे. पुरुष असेल की बाई? तरुण असेल तर कसा गेला असेल? त्याच्या घरच्यांनी हाडं द्यायची ठरवली तेव्हा कुणी 'नको' म्हणालं असेल का, ती म्हणाली होती तसं?

सप्टेंबर संपता संपता सर्वपित्री आली. शोभना दर वर्षी या दिवशी पान वाढायची. सासू-सासरे, आई-बाबा, धाकटा दीर. भाजी, वडे, खीर, आमसुलाची चटणी. या वर्षी तिने सगळं वाढून झाल्यावर आणखी एक पान घेतलं.

शशिकांत भात वाढायला मदत करत होते. "हे कुणाचं?"

"त्यांचं. ज्यांचं हाड आहे त्यांचं." ती पानावर वडा ठेवत म्हणाली. "आज ज्यांची तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, त्यांनाही वाढतात. मग ते तर आपल्या घरातच आहेत."

शशिकांतनी वाटीतली खीर घेतली आणि त्या पानावर जरा जास्तच वाढली.

सगळी पानं डेकच्या कठड्यावर ठेवली. नावं घेताना शोभनाने सासऱ्यांचं घेतलं, सासूबाईंचं घेतलं, आणि शेवटच्या पानाशी वही उघडून तो नंबर वाचला. आकडे इंग्रजीतून वाचावे की मराठीतून, याचा तिला क्षणभर प्रश्न पडला. तिने इंग्रजीतून वाचले. त्याला तेच कळतील. मागच्या झाडांवर कावळ्यांचा थवा असायचाच. पंधरा मिनिटांत दोन खाली आले. एकाने वडा उचलला. कुठल्या पानावरचा, ते दोघांनाही नीट दिसलं नाही, आणि पुन्हा जवळ जाऊन बघावं असं दोघांनाही वाटलं नाही.

डिसेंबरात केयाने नवा स्कॅन काढला. जुना आणि नवा तिने पडद्यावर शेजारी शेजारी लावले. जिथे तीन मिलिमीटरची कड होती तिथे आता साडेसात मिलिमीटर रुंद, भरीव पांढरा पट्टा होता.

"काका, हे ब्युटिफुल आहे," ती म्हणाली. "मी माझ्या स्टुडंट्सना दाखवणार आहे हा स्कॅन."

"दाखवा," शशिकांत म्हणाले. "मला मनाई आहे, तुम्हाला नाही."

त्याच महिन्यात इम्प्लांट बसला. भूल असली तरी ते पूर्ण जागे होते आणि केयाच्या हातातला बारका पाना बघताच त्यांनी हाताने खूण करून तिला थांबवलं. तोंडात कापूस होता, त्यामुळे जे बोलले ते शोभनाला बाहेर आल्यावर कळलं. तो टॉर्क रेंच होता. पुलाचे बोल्ट आवळायला ते जो वापरत, त्याचा नातू म्हणावा इतका लहान. स्क्रू किती जोराने बसला ते त्यावर आकड्यात कळतं. पस्तीसवर थांबला तर पकड चांगली. त्यांचा पस्तीसवर थांबला. "मी लिहून घे म्हणालो तिला," ते गाडीत सांगत होते. "रिपोर्टमध्ये आकडा पाहिजे."

हाड त्या धातूला धरायला आणखी चार महिने गेले. मग कॅप बसली. मे महिन्यात ते आरशासमोर उभे राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी ओठ वर करून मनसोक्त पाहून घेतलं. केयाची परवानगी होती. शोभना मागे उभी होती. दात शेजारच्याहून किंचित पांढरा होता. "चहा प्या," ती म्हणाली. "होईल बरोबर."

दात आला आणि शशिकांतना एक नवं काम सापडलं. टिश्यू बँकेमार्फत डोनरच्या घरच्यांना पत्र लिहिता येतं, असं केयाच्या ऑफिसात कळलं होतं. नाव-गाव लिहायचं नाही, पण मजकूर पोचतो. ते चार दिवस लिहीत बसले. नऊ पानं झाली. हाड कसं बनतं, स्लॅब कसा पडतो, पहिल्या वेळी काय चुकलं, फोटो ग्रुपवर कसा आला. दोन आकृत्याही होत्या. त्यांनी ते शोभनाला वाचायला दिलं.

तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "अहो, त्या घरातला माणूस गेलाय. त्यांना काँक्रीट कशाला सांगता."

"मग काय सांगू?"

"जे झालं ते."

दोघं टेबलाशी बसले. तिने मराठीत सांगितलं, त्यांनी इंग्रजीत लिहिलं. तुमच्या माणसाचं हाड माझ्या जबड्यात आहे. त्याच्या आधाराने माझं हाड वाढलं. मी त्र्याहत्तर वर्षांचा असताना पडलो होतो, आता नीट जेवतो आणि नीट बोलतो. बोलतो जरा जास्तच, असं माझी बायको म्हणते. आमच्याकडे वर्षातून एक दिवस घरातल्या गेलेल्या माणसांना जेवण वाढतात. मागच्या वर्षी आम्ही तुमच्या माणसालाही वाढलं. यापुढेही वाढू.

एवढंच. त्यांना ते फार थोडं वाटलं, पण त्यांनी पाकीट बंद केलं.

केयाने आधीच सांगितलं होतं की उत्तराची वाट बघू नका, बहुतेक वेळा येत नाही. उन्हाळा गेला, सर्वपित्री येऊन गेली, पानगळ झाली. नोव्हेंबरात केयाच्या ऑफिसातून एक पाकीट आलं. आत साधा रेघांचा कागद होता, वहीतून फाडलेला. अक्षर मोठं, उजवीकडे कललेलं. शशिकांतनी पत्र मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता शोभनासाठी मराठीत सांगत गेले.

"म्हणते, माझा नवरा सव्वीस वर्षं शाळेची बस चालवायचा. त्याचे डोळे दोघांना दिले गेले, ते मला माहीत होतं. हाडाचं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तुमचं पत्र मी त्याच्या आईला वाचून दाखवलं, ती ब्याण्णव वर्षांची आहे. तिने विचारलं, जेवायला काय वाढलं होतं?" शशिकांतनी चष्मा काढून पुसला. "पुढे लिहिलंय, तुम्ही कळवू शकलात तर तिला सांगेन. सही फक्त कॅरल."

शोभनाने त्याच दिवशी लिहायला बसवलं त्यांना. बटाट्याची भाजी, उडदाचे वडे, गव्हल्यांची खीर, आमसुलाची चटणी. गव्हले म्हणजे काय, हे इंग्रजीत लिहायला त्यांना अर्धं पान लागलं आणि ते अर्धं पान तिने काढायला लावलं नाही.

जानेवारीत शोभनाचा वाढदिवस असतो आणि त्या वर्षी तिचं ड्रायव्हिंग लायसन्स संपत होतं. लायसन्सच्या ऑफिसात शशिकांत बरोबर आले होते. ते रांगेबाहेरच्या खुर्चीवर बसून एका तरुण मुलीला, ती ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास का झाली आणि वळणावर आरसा कधी बघायचा, हे समजावत होते. खिडकीमागच्या बाईने शोभनाचा पत्ता विचारला, उंची विचारली, डोळ्यांची तपासणी केली. मग त्याच सुरात, स्क्रीनकडे बघत विचारलं, "डोनर व्हायचंय का? हो की नाही?"

हा प्रश्न तिला आधीही विचारला गेला होता. दर वेळी ती पटकन नाही म्हणाली होती.

"माझं वय सत्तरच्या वर आहे," शोभना इंग्रजीत म्हणाली. "माझी हाडं कुणाच्या उपयोगाची असतील का?"

बाईने पहिल्यांदाच मान वर केली. "ते नंतर डॉक्टर ठरवतात, मॅम. तुम्ही फक्त हो की नाही सांगायचं."

"मग हो," शोभना म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि सांगितलं. शशिकांतनी किल्ली फिरवली नाही. काचेवर बाहेरून बर्फाची बारीक भुकटी साचत होती.

"रामटेकचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"उरतील त्या नेईल की रेणू रामटेकला. सगळ्याच कशाला?"

त्यांनी खिशातून पाकीट काढून आपलं लायसन्स पाहिलं. "माझं लायसन्स तर अजून दीड वर्ष चालतं," मग म्हणाले.

"त्याची वाट बघायची गरज नाही. घरून कॉम्प्युटरवरही होतं, असं ती म्हणाली," शोभना म्हणाली. "चला आता. वाटेत दूध घ्यायचंय."